डावीकडचा खोकला

२ फेब्रुवारी, रविवार

ही वही बायकोनं आणून दिली. म्हणाली, "स्पीकरबद्दल जे काही मला सांगायचं असेल ते आता हिला सांग. ही जांभया देणार नाही." तर वहीबाई, प्रश्न असा आहे: स्पीकर बदलायचे, की आता पुरे म्हणायचं?

जानेवारीत अँप्लिफायर बदलला. जुना कानसेनला परत दिला. कानसेन म्हणजे ज्याच्या दुकानातून मी हे सगळं घेतो तो. त्याचं खरं नाव पावतीवर असतं, पण आमच्या घरात त्याला कोणी त्या नावानं ओळखत नाही. जुन्या अँपला तोंडभर बटणं होती. बास, ट्रेबल, मोनो, आणि आणखी चार-पाच, ज्यांना मी आयुष्यात बोट लावलं नाही. नव्याला दोनच आहेत, एक चालू करायचं आणि एक आवाज वाढवायचं. या धंद्यात वस्तू जितकी महाग तितकी बटणं कमी. बायको म्हणाली, "पुढच्या वेळी नुसती पेटी देतील, बघ."

अँप नवा आला आणि स्पीकर जुने वाटायला लागले. हे नेहमीचंच. भिंतीला रंग दिला की पडदे मळके दिसतात. कानसेनकडे एक जोडी येणार आहे, माझ्या छातीला लागेल एवढी उंच. मार्चअखेरपर्यंत हो की नाही ते सांगायचं आहे. मी ठरवलंय की घाई करायची नाही, नीट ऐकून मगच काय ते ठरवायचं.

९ फेब्रुवारी, रविवार

माझे कान बेताचे आहेत. कानसेनपुढे हे मी मरेपर्यंत कबूल करणार नाही, पण वहीत लिहायला हरकत नाही. या घरातले कान बायकोचे.

माझं चष्म्याचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "ही स्पष्ट, की ही?" असं विचारत असतो. घरी आलो की बायकोला मधल्या खुर्चीत बसवतो, मागे जाऊन वायर बदलतो आणि विचारतो, "पहिलं की दुसरं?" ती डोळे मिटून ऐकते आणि क्षणात सांगते. का, ते तिला सांगता येत नाही, पण ती चुकत नाही. आजवर एकही वस्तू तिच्या कानाखालून गेल्याशिवाय या घरात राहिलेली नाही.

आमची एक ठरलेली रेकॉर्ड आहे. एका सभागृहातला कार्यक्रम, एक गायिका आणि सोबत फक्त एक बास गिटार वाजवणारा. दुसऱ्या गाण्याआधी प्रेक्षकांत कोणीतरी खोकतं, अगदी डावीकडे, लांब. ही रेकॉर्ड माझ्याकडे लग्नाआधीपासून होती आणि तो खोकला मी कधी ऐकलाच नव्हता. लग्नानंतर ती पहिल्यांदा शेजारी बसली आणि म्हणाली, "कोणीतरी खोकलं." मी उठून खिडकीतून खाली बघून आलो. तेव्हापासून ते आमचे खोकलेबुवा.

आज नव्या अँपवर लावली. ती हसली. म्हणाली, "खोकलेबुवा पुढच्या रांगेत येऊन बसलेत." म्हणजे अँपचे पैसे वसूल.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बायकोला सर्दी. सकाळी उठली तीच कानाला दडा बसलाय म्हणत. नाक दाबून फुंकून झालं, जांभया देऊन झाल्या. मी वाफ घ्यायला सांगितली आणि दुकानात गेलो.

संध्याकाळी म्हणाली, "हॉलमध्ये कसला तरी गुंऽऽ असा आवाज येतोय. तुझ्या डब्यातून येतोय का बघ." मी अँपला कान लावला, स्पीकरला कान लावला, भिंतीलासुद्धा लावला. मला काही येईना. पण मला येईना याला काय अर्थ आहे? तिला येतोय म्हणजे आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार

वायरमन येऊन गेला. घराचं अर्थिंग जुनं झालंय असं मी त्याला सांगितलं, आणि तोही लगेच हो म्हणाला. नवी तार टाकून घेतली. हॉलसाठी वेगळी लाइन ओढली. दिवसभर भिंतीला भोकं पाडण्याचा गोंधळ चालू होता. बायको बिचारी वह्या तपासायला स्वयंपाकघरात जाऊन बसली. ती शाळेत भाषा शिकवते, रविवारी तिच्यापुढे वह्यांचा ढीग असतो.

सगळं झाल्यावर विचारलं. म्हणाली, "अजून येतोय." मग मी घराचा मेन स्विचच बंद केला. फ्रीज, पंखे, सगळं गप्प. "आता?" ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. "आता तर जास्तच वाटतोय."

म्हणजे आवाज आपल्या घरातला नाहीच, बाहेरून येतोय. शेजारच्या इमारतीच्या पंपाचा असणार. तिचे कान म्हणजे कमाल आहे.

२३ फेब्रुवारी, रविवार

नवीन भानगड. सर्दी गेली म्हणून आज पुन्हा ठरलेली रेकॉर्ड लावली. ती म्हणाली, "बाई उजवीकडे सरकल्यात."

गायिका कायम बरोबर मध्ये उभी असते. दोन स्पीकरच्या मध्ये, जिथे प्रत्यक्षात काहीच नाही, तिथे माणूस उभा राहतो, यासाठी तर हा सगळा खटाटोप. मी खुर्चीत बसून पाहिलं, मला ती मध्येच वाटली. खोकलेबुवांचं विचारलं तर म्हणाली, "आज आले नाहीत." मला तर आले होते. पण मला ते कुठे येतात हे पाठ आहे. सवयीनं ऐकू येत असेल, दुसरं काय.

मग शास्त्रशुद्ध पद्धतीनं गेलो. डावी वायर उजव्या स्पीकरला जोडली, उजवी डाव्याला. दोष अँपमध्ये असेल तर बाई आता डावीकडे जायला हव्या. तिला विचारलं. "उजवीकडेच." दोन स्पीकरही आपसांत बदलले, कंबर मोडली. "उजवीकडेच आहे रे."

म्हणजे यंत्रात दोष नाही, हे सिद्ध झालं. यंत्रात नाही म्हणजे खोलीत आहे. तिसरं काही उरतच नाही. इतका साधा विचार आधी कसा सुचला नाही याचंच नवल वाटलं.

२ मार्च, रविवार

डावीकडे खिडकी, खिडकीला जाड पडदा, आणि पडद्याखाली बायकोचं वह्या तपासायचं टेबल. आवाज तिकडे शोषला जातोय हे उघड आहे. पडदा काढला. पुस्तकांचं कपाट ओढून डावीकडे आणलं. टेबल झोपायच्या खोलीत नेलं. तिथे उजेड कमी आहे, पण ती म्हणाली चालेल.

ऐकून झाल्यावर विचारलं, "आधीचं बरं की आताचं?" ती जरा थांबली. पूर्वी कधी थांबायची नाही. म्हणाली, "आताचं." मग म्हणाली, "थोडंसं."

थोडंसं म्हणजे दिशा बरोबर आहे.

८ मार्च, शनिवार

कानसेन आला होता. आपणहून आला, स्पीकरचं विचारायला. खुर्चीत बसून त्यानं सबंध बाजू ऐकली. म्हणाला, "मला मधोमध वाटतंय. मागच्या वेळेपेक्षा खोली बिघडवली आहेस, पण बाई मध्येच आहेत."

मी म्हटलं, "ती म्हणते उजवीकडे."

"मग वहिनींना एकदा हेडफोन लावून बघायला दे. खोलीचा प्रश्न उरणार नाही. माझ्याकडची जोडी पाठवतो."

मी हसलो. हेडफोन म्हणजे कानाला बांधलेलं टोपडं. गाणं डोक्यात कोंबायचं की काय? मी कधी घरात येऊ दिले नाहीत आणि येऊ देणार नाही. कानसेनचं मला कळतं, खोलीत दोष आहे असं ठरलं की मी स्पीकर घेणार नाही अशी त्याला भीती असेल. खरं तर उलट असायला हवं. मी विचार करतोय की नवे स्पीकर मोठे आहेत, त्यांना खोलीचं एवढं देणंघेणं राहणार नाही.

बायको चहा घेऊन आली तेव्हा कानसेन तिच्याशी बोलत होता. ती ट्रे ठेवून आत निघून गेली. तो तिच्या डावीकडे बसला होता. नंतर मी म्हटलं, "तो विचारत होता, उत्तर तरी द्यायचंस." ती म्हणाली, "विचारत होता? कधी?" हल्ली तिचं लक्ष नसतं.

१९ मार्च, बुधवार

आज भांडण झालं. फार मोठं नाही.

मी नव्या वायरींचा नमुना आणला होता. खुर्चीत बस म्हटलं. ती बसली. मी मागून विचारलं, "पहिलं की दुसरं?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं. ती म्हणाली, "ओरडतोस कशाला? मला नको विचारूस आता. मला काही कळत नाही."

"तुला कळत नाही तर कोणाला कळतं?"

"तुझं तू ऐक की. तुझेच कान, तुझीच खोली."

नंतर शाळेचं सांगत बसली. वर्गातली खिडकीकडची रांग यंदा आगाऊ आहे म्हणे, मुद्दाम हळू बोलतात आणि मग हसतात. मुख्याध्यापिकेनं बोलावून घेतलं होतं. एका मुलीनं तीनदा हात वर करून हाक मारली, बाईंनी दुर्लक्ष केलं, अशी तक्रार. "मी कोणाकडे दुर्लक्ष करेन का रे?" म्हणाली. मी म्हटलं, अजिबात नाही, मुलांना शिस्त राहिलेली नाही. परवा जिन्यातही तिचा तोल गेला होता. फार दगदग होते तिची. सुट्टी लागली की कुठेतरी जाऊन येऊ.

वायरी परत केल्या. तिच्या कौलाशिवाय ठेवून काय करू?

३० मार्च, रविवार

स्पीकर सांगून टाकले. कानसेननं आगाऊ रक्कम घेतली, पण चेहरा खुशीचा नव्हता. म्हणाला, "तुला पटलंय ना नक्की?" दुकानदारानं असं विचारायचं असतं का?

मुलीचा फोन आला होता. ती नोकरीच्या गावी असते. तिला आनंदानं सांगितलं तर म्हणाली, "बाबा, आईला नवा फोन घ्या आधी. प्रत्येक वाक्याला काय, काय करते. मध्येच म्हणते थांब, दुसऱ्या कानाला लावते." फोन खरंच जुना झालाय. लक्षात ठेवायला हवं.

बायकोला सांगितलं की स्पीकर येताहेत, आता बाई बरोबर मध्ये उभ्या राहतील. ती बरं म्हणाली. आनंद झाला असावा, पण दिसला नाही.

५ एप्रिल, शनिवार

आजचं सगळं क्रमानं लिहितो.

सकाळी दुकानात समोरच्या बेकरीतल्या बाई आल्या. केकवरची अक्षरं वाकडी जातात म्हणून वाचायचा चष्मा हवा होता. खुर्चीत बसवलं, डावा डोळा झाकला, त्यांनी तक्ता धडाधड वाचला. मग उजवा झाकला. त्या म्हणाल्या, "दिवे गेले का?"

दिवे चालू होते. असं माझ्याकडे अधूनमधून होतं, त्यामुळे काय सांगायचं ते ठरलेलं आहे. मी म्हटलं, घाबरू नका, बऱ्याच जणांना माहीतच नसतं. चांगला डोळा दुसऱ्याचं काम गुपचूप करत राहतो आणि माणसाला वाटतं की जगच जरा अंधुक झालंय. म्हणून तर आम्ही एकेक डोळा झाकून तपासतो. इतकं बोललो आणि पुढचं वाक्य येईना. बाई वाट बघत बसल्या. त्यांना मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली, शटर ओढलं आणि घरी आलो.

ती झोपायच्या खोलीत वह्या तपासत होती, त्या कमी उजेडात. मी तिला हॉलमध्ये आणून खुर्चीत बसवलं. "पुन्हा?" म्हणाली. रेकॉर्ड लावली, आवाज हळू ठेवला. मागे उभा राहिलो आणि बोटानं तिचा डावा कान दाबून धरला. ती म्हणाली, "हं, मग?" मग डावा सोडला आणि उजवा दाबला.

ती म्हणाली, "बंद केलीस का रेकॉर्ड?"

बाई गात होत्या. बरोबर मध्ये उभ्या राहून गात होत्या. मी बोट काढलं नाही. काढलं तर तिला कळणार होतं.

७ एप्रिल, सोमवार

कानाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तिला एका काचेच्या खोलीत बसवून हेडफोन लावले. माझं टोपडं. आवाज आला की बोट वर करायचं. उजव्या कानाच्या वेळी तिचं बोट सारखं वर जात होतं. मग डॉक्टरांनी बाजू बदलली. ती काचेतून माझ्याकडे बघत बसली, अजून सुरू व्हायचंय असं समजून. मी हसून मान हलवली.

डॉक्टर म्हणाल्या, डावा कान जवळपास गेलाय. सर्दीत कधी कधी होतं हे, एका दिवसात होतं. दडा बसल्यासारखं वाटतं, आत गुणगुण ऐकू येते, तोल जातो. "लगेच यायला हवं होतं. पहिल्या पंधरा दिवसांत औषध दिलं तर बऱ्याचदा थोडंफार परत येतं. आता इंजेक्शनं देऊन बघू, पण फार आशा ठेवू नका. कधी सुरू झालं?"

ती म्हणाली, "अर्थिंगवाला आला ना, त्याच आठवड्यात."

डॉक्टरांना कळलं नाही. मला कळलं. ती सांगत होती. दडा बसला म्हणाली, आवाज येतो म्हणाली, बाई सरकल्या म्हणाली. जे होत होतं ते सगळं ती मला त्याच दिवशी सांगत होती, आणि मी भिंतीला भोकं पाडत होतो. मेन स्विच बंद करून, सगळं घर गप्प करून, तिच्या कानातला आवाज मी शेजारच्या पंपावर ढकलला.

रिक्षात मी तिला विचारलं, "तुला कधी शंका आली नाही?" ती म्हणाली, "आली होती. नंतर नंतर आली. पण तू लोकांना माझे कान सांगत फिरतोस. मला म्हणवेना." मग बाहेर बघत म्हणाली, "वाटलं, तुझे स्पीकर आले की कदाचित नीट येईल ऐकू."

घर येईपर्यंत मी रिक्षाच्या मीटरकडे बघत बसलो.

२५ एप्रिल, शुक्रवार

इंजेक्शनं संपली. आज पुन्हा काचेची खोली. काही फरक नाही. डॉक्टर चांगल्या आहेत, खोटा धीर देत नाहीत. गुणगुण राहील म्हणाल्या, हळूहळू सवय होते.

शाळेत तिनं सांगून टाकलं. खिडकीकडची रांग आता तिच्या उजव्या बाजूला येईल असं टेबल फिरवून घेतलं. ज्या मुलीनं तक्रार केली होती तिनंच टेबल ढकलायला मदत केली म्हणे. एवढंच करायचं होतं, टेबल फिरवायचं. मी तिचं टेबल अंधारात नेऊन ठेवलं.

सारखा एकच हिशोब मनात येतो. तेरा फेब्रुवारीच्या सकाळी वाफ घे म्हणण्याऐवजी तिला रिक्षात घालून नेलं असतं तर. दुकान तासभर उशिरा उघडलं असतं, एवढंच झालं असतं.

२९ एप्रिल, मंगळवार

स्पीकर आले. कानसेननं फोन केला, कधी आणू म्हणाला. मी दुकानातच गेलो. खोक्यांवर धूळसुद्धा नव्हती. त्याला सगळं सांगितलं. त्यानं एक खोकं उगाच सरळ करून ठेवलं. मग म्हणाला, "हेडफोन मी पाठवायलाच हवे होते. तुला न विचारता."

स्पीकर नको म्हणून सांगितलं. आगाऊ रक्कम ठेव म्हटलं. आणि विचारलं, माझा जुना अँप विकलास का?

विकला नव्हता, घरी स्वतःच वापरत होता. "तो कशाला हवाय?"

"त्याला मोनोचं बटण होतं."

दोन स्पीकरमध्ये गाणं विभागून येतं. अर्धं डावीकडून, अर्धं उजवीकडून, आणि ते जुळवायला दोन कान लागतात. मोनोचं बटण दाबलं की सगळं गाणं दोन्हींतून सारखंच येतं, एका कानालाही पुरं मिळतं. आयुष्यभर मी दोन बाजू वेगळ्या ठेवण्यासाठी वस्तू घेत गेलो. त्या कालवणाऱ्या बटणाला हसत होतो. नवा अँप देऊन जुना घेतला. कानसेन म्हणाला, अशी उलटी अदलाबदल त्यानं कधी केली नव्हती. वरचे पैसे देत होता. मी घेतले नाहीत, मग त्यानंही आग्रह केला नाही.

४ मे, रविवार

टेबल खिडकीखाली परत आणलं, पडदा लावला. पडदा लावायला ती स्टुलावर चढणार होती, मी चढू दिलं नाही.

संध्याकाळी तिला विचारलं, बसतेस का. मधल्या खुर्चीत बसली. मी तिच्या डावीकडे स्टूल घेतलं, नेहमीसारखं. बटण दाबलं. इतकी वर्षं न दाबल्यामुळे ते जरा अडकत होतं. रेकॉर्ड लावली.

गाणं सपाट येत होतं. बाई मध्ये उभ्या नव्हत्या, कुठेच उभ्या नव्हत्या, नुसता आवाज होता. मी काही विचारलं नाही. पहिलं गाणं संपलं, टाळ्या झाल्या, आणि ती जागा आली. ती मान वळवून उजवा कान पुढे करून ऐकत होती. खोकला झाला.

"आले," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "पण आता ते कुठे बसलेत ते नाही कळत. नुसते खोकतात." आणि रुमाल शोधायला लागली. तो तिच्या मांडीवरच होता.

आम्ही बाजू पूर्ण ऐकली. सुई उचलली. खोली शांत झाली. मी तिथेच स्टुलावर बसून, मान खाली घालून म्हटलं, चुकलं माझं. तू सांगत होतीस आणि मी वायरी बदलत बसलो. मला माफ कर. ती समोर बघत राहिली. तिला ऐकू गेलं नसणार हे मला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच मी त्या बाजूनं बोललो होतो. मग माझी मलाच लाज वाटली. उठलो, खुर्चीला वळसा घालून उजवीकडे गेलो, जमिनीवर बसलो आणि तेच सगळं पुन्हा म्हटलं.

"पहिल्या वेळीही ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "कुठलाच आवाज नव्हता ना खोलीत."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, उठून या बाजूला येतोस का बघू."